बसमधून बोटीवर

शाळेची बस बंद झाली तेव्हा तिला सत्तेचाळिसावं लागलं होतं. एकोणीस वर्षं तिने त्या बसमध्ये मुलं चढवली-उतरवली होती, भांडणं सोडवली होती, उलट्या निस्तरल्या होत्या.

"आता जरा आराम कर," नवरा म्हणाला.

चार दिवसांतच त्या आरामाने तिला जीव नकोसा झाला. पाचव्या दिवशी ती सरळ धक्क्यावर गेली. तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी लागत.

"मावशी, तिकिटं त्या खिडकीत," पहिल्या बोटीवरचा माणूस म्हणाला.

"तिकीट नको, काम हवंय."

तो हसतच सुटला. दुसऱ्या बोटीवर अनुभव विचारला, तिसरीवर वय. चौथीचा कप्तान स्वतःच दोर गुंडाळत बसला होता. त्याचा खलाशी त्याच आठवड्यात सोडून गेला होता.

"पोहता येतं?"

"येतं."

"दोर बांधता?"

"नाही. शिकवलंत तर शिकेन."

त्याने डोकं खाजवलं. "चला, एक फेरी करून बघा."

अर्ध्या वाटेत डॉल्फिन दिसले आणि चाळीसच्या चाळीस माणसं मोबाइल उगारून डाव्या कठड्याला धावली. बोट कलली. कप्तान कर्ण्यातून घसा फोडत होता, पण ऐकतो कोण! तेवढ्यात तिच्या तोंडातून आपसूक बसमधला तो जुना आवाज निघाला, "आधी खाली बसा! मग बघा!"

माणसं मटकन बसली. आपलेही गुडघे वाकले होते, असं कप्तान आजही शपथेवर सांगतो.

"उद्या सातला या," धक्क्याला लागताना तो म्हणाला.

मग घरी गाठींचा सराव सुरू झाला. टेबल झालं, खिडकीचे गज झाले, खुर्ची तर अशी बांधली की सुटेचना.

"आता मलाच बांधायचं राहिलंय," नवरा म्हणाला.

"तुम्ही कुठे पळताय?"

पहिल्या महिन्यात तिचा दोर दोनदा पाण्यात पडला, तळहात सोलले. तिसऱ्या महिन्यापासून मात्र फेकलेला दोर नेमका खुंटाला बसू लागला.

त्याला आता चार वर्षं झाली. शेवटची फेरी संपली, डेक धुऊन झाला, की ती बोटीच्या कडेला पाय सोडून बसते आणि कप्तानाने केलेला चहा निवांत पिते. चहा तो फार गोड करतो. तेवढी एकच तिची तक्रार.