मी नाहीच म्हणत होते

आमच्या चर्चच्या मंडळीत आपल्या विश्वासाची साक्ष सांगताना बहुतेक बाया म्हणतात, प्रभूने हाक मारली आणि मी धावत गेले. मला तसं सांगता येत नाही. मी पाय रोवून उभी होते, आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला नाहीच म्हटलं. तरी इतकी वर्षं मी ख्रिस्ती आहे. हे कसं झालं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही आणि आता या वयात कळेल असंही वाटत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. जे झालं तेवढं लिहिते.

आमचं घर विणकरांचं, नागपूरच्या जुन्या वस्तीत. नवरा मागावर बसायचा, सासू आणि मी सुताच्या कांड्या भरून द्यायचो. लग्नानंतर सहा वर्षांनी मला मुलगी झाली, मंदा. दुसरं मूल झालं नाही. मंदा पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला. ते साल सहासष्ट-सदुसष्ट असेल. आमच्यात गोवर म्हणजे रोग नव्हे, माता घरात आली असं मानायचे. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, चपला बाहेर ठेवायच्या आणि औषध, सुई यांचं नाव काढायचं नाही. मी हे सगळं काटेकोर पाळलं. माझ्या लहान भावाला माता आली असताना बापाने डॉक्टरकडून सुई टोचून आणली होती आणि तो तिसऱ्या दिवशी गेला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी मंदाच्या नाकपुड्या उडू लागल्या. लोकांना वाटेल सासू जुन्या वळणाची, तिनेच अडवलं असेल. तसं नव्हतं. सासू म्हणाली, "अवं, पोरीचा श्वास कसा उडून राहिला. ने तिले मिशनच्या दवाखान्यात. मातेची मी पाहून घेईन, मी तिच्या पाया पडीन."

मी म्हटलं, "माता घरात असताना सुई नाही लावू देणार मी. न्यायचं असेल तर पहिले माह्या मढ्यावरून जा."

नवऱ्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो मागावर जाऊन बसला. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी मंदाचे ओठ निळे दिसले तेव्हा त्याने मला न विचारता तिला उचललं आणि रिक्षात घातलं. मी मागोमाग धावले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. "किती दिवस झाले?" एवढं विचारलं आणि उत्तर ऐकून मान खाली घातली. मुलांच्या खोलीत भिंतीवर येशूचं चित्र होतं, हातात कोकरू घेतलेलं. देव म्हटला की काय करायचं ते मला एकच माहीत होतं. मी त्या चित्रासमोर पदर पसरला आणि नवस बोलले. पोर वाचव, तुझ्या देवळात नारळ फोडीन, पाच शुक्रवार निरंकार उपास करीन, आणि तू म्हणशील तर तुझ्या धर्मातही येईन.

मागून एक बाई म्हणाली, "तो नवस घेत नाही वं."

ती दीनाबाई. दवाखान्यात रोग्यांपाशी बसून पवित्र शास्त्र वाचून दाखवणं आणि मग घरोघरी जाऊन भेटणं हे तिचं काम. ठेंगणी, काळीसावळी, पुढचे दोन दात पडलेले.

"नवस नाही घेत तर मंग काय घेतो?" मी विचारलं.

"तुलेच घेतो."

"मले घेऊन काय करीन तो?"

"ते त्यालेच इचार. मले घेऊन त्यानं काय केलं, ते मले बी अजून समजलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा गेली. नवसाचा नियम साधा असतो. देवाने केलं नाही तर आपणही काही देणं लागत नाही. मी त्या चित्राकडे पाठ केली आणि पोरीला घेऊन घरी आले.

घरी आलेला प्रत्येक जण एकच बोलायचा, मातेने नेली, देवाची मर्जी. नवरा मागावर बसून राहायचा. मी सासूच्या तोंडाकडे पाहत राहायचे. ती एकदा तरी म्हणेल की तू मारलीस, आणि मग मी तिच्याशी कडाकडा भांडेन, अशी वाट पाहायचे. तिने ते कधी म्हटलं नाही. उलट माझ्या ताटात जास्त भाजी वाढायची. ती भाजी मी ताटात तशीच ठेवायचे.

दीनाबाई दर गुरुवारी यायची. मी दार लावून घेतलं तर ओट्यावर बसून शेजारणीशी बोलायची आणि निघून जायची. एकदा मी सुताला लावायच्या खळीचं उरलेलं पाणी तिच्या अंगावर फेकलं. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या गुरुवारी ती तेच पातळ नेसून आली आणि म्हणाली, "बरी खळ बसली वं, इस्तरी कराचं कामच नाही पडलं. आज बी उरली असंन तर पोलकं बाकी आहे." मला हसू आलं. मंदा गेल्यानंतर पहिल्यांदा हसले आणि त्याचा मलाच इतका राग आला की तिथेच बसून रडले. ती आत आली.

मी तिला विचारलं, "खरं सांग. मी तिले वेळेवर आणली असती तर ती वाचली असती काय?"

ती माझ्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "वाचली असती. बहुतेक वाचली असती. चूक तुहीच हाय."

इतक्या लोकांत हे म्हणणारी ती एकटीच. ते बोलून ती गेली नाही. माझ्या हाताला हात लावून संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत बसली. तिने त्या दिवशी शास्त्र वाचलं नाही की प्रार्थना केली नाही. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण क्षमा या शब्दाचा अर्थ मला त्या बसण्यातून जेवढा कळला तेवढा नंतर कुठे कळला नाही.

मी तिला बजावून ठेवलं होतं, "मी काही बाप्तिस्मा घेणार नाही." ती म्हणायची, "तुले बोलावून कोण राहिलं?" असं तीन वर्षं चाललं. या तीन वर्षांत एक विचित्र गोष्ट झाली. कांड्या भरताना मी मनातल्या मनात कोणाला तरी शिव्या द्यायचे. तू कसला देव, तुझ्या हातात कोकरू शोभतं का, माझी पोर का नाही धरलीस. एक दिवस ध्यानात आलं की मी ज्याला मानत नाही म्हणते त्याच्याशी रोज सकाळपासून बोलते आहे, आणि दुसऱ्या कोणाशी एवढं बोलत नाही. माझ्या हातातली कांडी थांबली. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आपण ज्या घरात जाणार नाही म्हणून हट्ट धरला त्याच घराच्या अंगणात तीन वर्षं बसून आहोत, असं झालं.

मी बाप्तिस्मा मागायला चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते भले होते, पण घाबरट. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. त्यावर होतं की मी कोणाच्याही दबावाने किंवा लालचीने नव्हे तर स्वखुशीने ख्रिस्ती होत आहे. मी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"यावर सही नाही करणार. हे खोटं आहे."

पाळकसाहेब हादरले. "कोणी दबाव आणला तुमच्यावर? दीनाबाईंनी?"

"ती बिचारी काय दबाव आणते. त्यानं आणला." मी वर बोट दाखवलं. "मी तीन वर्षांपासून नाहीच म्हणून राहिली. माह्या खुशीवर असतं तर मी इथं आलीच नसती."

बाजूला मंडळीचे एक पंच बसले होते. ते म्हणाले, "साहेब, ही बाई डोक्यानं ठीक नाही दिसत."

मी म्हटलं, "भाऊ, डोकं ठीक असतं तर माही पोर जिती असती."

त्यांनी माझा बाप्तिस्मा थांबवला. चार महिने मी देवळात शेवटच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली यायची आणि बाप्तिस्मा नाही म्हणून मला ओलांडून पुढे जायची. लोक माझ्याबद्दल कुजबुजायचे. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, बाई, तुमच्या शब्दांत लिहून द्या. मी पेन्सिलीने लिहिलं, "मी हट्टी बाई आहे. माझ्या हट्टाने माझी मुलगी गेली. मला यायचं नव्हतं. मला आणलं म्हणून आले. परत जाणार नाही." त्यांनी ते वाचून चष्मा काढला आणि कागद ठेवून घेतला. पुढच्या रविवारी माझा बाप्तिस्मा झाला. मला प्रकाश दिसला नाही. पाणी गार होतं, तेवढं आठवतं.

त्याची किंमत मला ठाऊक होती. आमच्या विणकर समाजाच्या पंचांनी काडीमोड करून दिला. नवरा वाईट माणूस नव्हता. त्याने माझी पेटी दारापर्यंत आणून ठेवली आणि म्हणाला, "तू मातेच्या वेळी बी कोणाचं ऐकलं नाही, आता बी नाही. दरवेळी आपल्याच मनाचं करतं तू."

मी पेटी उचलली. त्याला कसं सांगणार की या वेळी माझ्या मनाचं काहीच झालेलं नाही? तेव्हाचा हट्ट आणि हे, बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. खरं सांगायचं तर पुढे पुष्कळ वर्षं मलाही ती शंका होती, की मी देवाच्या नावाखाली पुन्हा आपलाच हट्ट तर चालवला नाही ना.

दीनाबाईने मला त्याच दवाखान्यात मुलांच्या खोलीत आया म्हणून लावून दिलं. काही वर्षांनी ती गेली. मी गाद्या बदलायचे, फरशी पुसायचे, पोरांना पाणी पाजायचे. नवऱ्याने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं होतं. नऊ-दहा वर्षांनी एका दुपारी तो मुलांच्या खोलीत आला. हातात दीड-दोन वर्षांची पोर, मागे एक किडकिडीत बाई. पोरीच्या कानामागे पुरळ उठलं होतं आणि ती तापाने फणफणली होती. त्याने मला ओळखलं, पण आधी डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "कालच माता निघाली. या वेळी थांबलो नाही जी."

मग मला म्हणाला, "आई म्हणे, तिकडंच ने. ती हाय तिथं."

त्याच्या आईने आपली नात मला सोपवली होती. आणि माझ्या मनात काय आलं ते मी लिहिणार आहे, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, जाऊ दे हीसुद्धा. त्याला वेळेवर आणायची अक्कल आली ती माझ्या पोरीच्या जिवावर आली. मग माझी का गेली आणि हिची का राहावी?

ती पोर माझ्याच पाळीत आली. तिच्याही छातीत कफ झाला. मी प्रार्थनेला बसले. मी देवाला स्पष्ट म्हटलं, तुला माझं मन हवं असेल तर ते देता येत नाही, ते नाही म्हणतंय. हात काय ते घे. मग मी तिचं अंग ओल्या फडक्याने पुसलं, वाफ दिली, चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. माझी पाळी संपली तरी घरी गेले नाही. का नाही गेले ते मी ठरवलं नव्हतं. तिची आई भिंतीला टेकून माझ्याकडे टक लावून बघायची. तिला मी कोण ते माहीत होतं. तिला माझी भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी पाणी पाजताना पोरीने चमच्याऐवजी माझं बोट धरलं आणि कडकडून चावली. मी ओरडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चावते ना? मग आता काळजी नाही." खोलीतले सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता मला कळलं की ही पोर जगावी असं मला वाटतं आहे. नुसतं वाटत नव्हतं, तीन दिवस मी त्याच एका गोष्टीसाठी श्वास घेत होते. हे मन कधी फिरलं, सोमवारी की मंगळवारी, वाफ देताना की फडकं पिळताना, ते मला सांगता येणार नाही. मी फिरवलं नव्हतं, हे मात्र शपथेवर सांगते. नवऱ्याने दारात जे म्हटलं होतं त्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. माझा हट्ट मला चांगला ओळखू येतो. हे त्याचं काम नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. ती बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "उठ वं. औषध तीन वेळा दे, अन् फोडणीची भाजी खुशाल कर."

तेव्हापासून मी कोणाला म्हणत नाही की देवाला शरण जा. जाता येतं की नाही मला माहीत नाही, मला तरी जमलं नाही. मला नेलं. मी नाही म्हणत असताना नेलं, आणि अजूनही काही बाबतींत मी नाहीच म्हणते. ती पोर आज कुठेतरी नांदत असेल, तिच्यासाठी मी देवाचे उपकार मानते. मंदासाठी त्याच्याशी भांडते. दोन्ही रोज एकाच प्रार्थनेत होतं, आणि आमेन एकदाच म्हणते.