अल्टरनेटरमागचा नंबर

या सदरातले गूढ अनुभव मी नियमित वाचते. बहुतेक वाचून झाले की मनात एकच प्रश्न येतो – वायरिंग तपासलं होतं का? बावीस वर्षं वाहन सर्व्हेयर म्हणून काम केल्यावर माणूस असाच होतो. गाडी आपोआप सुरू झाली, हॉर्न आपोआप वाजला, अशा तक्रारी मी डझनावारी ऐकल्या आहेत आणि प्रत्येक वेळी कुठेतरी तार उघडी सापडली आहे. त्यामुळे मी स्वतः असं काही लिहायला बसेन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आम्ही मस्कतला, अल् घुब्रा भागात राहतो. नवऱ्याची नोकरी इथली. मी मूळची पुण्याची, तिथे विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या बघायचे. इथे आल्यावर एका लिलाव कंपनीचं काम मिळालं. लिलावाला येणाऱ्या जुन्या अमेरिकन गाड्या – लांबलचक बॉनेट, दोन दारं, आठ सिलिंडर – खऱ्या आहेत की सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या, हे बघून रिपोर्ट द्यायचा. पन्नास वर्षं जुन्या गाडीत ती कारखान्यातून निघताना बसवलेलंच इंजिन असेल तर तिला वेगळा मान असतो. ते ओळखायचं कसं? चॅसिस नंबरचे शेवटचे आकडे इंजिनच्या ब्लॉकवरही ठोकलेले असतात. दोन्ही जुळले की झालं.

इथले बाकीचे लोक फोटो काढतात. मी फोटोही काढते, पण आधी पेन्सिल प्रिंट घेते. आपल्याकडे गाडी घेऊन आरटीओचं काम केलेल्या प्रत्येकाला हे माहीत असेल – नंबरवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. कंपनीतले साहेब मला हसतात, "बाई अजून पेन्सिलवर आहेत" म्हणतात. हसू देत. फोटोत उजेड फसवतो, कागद फसवत नाही... निदान तोवर त्याने फसवलं नव्हतं.

गाडी होती सालिम नावाच्या एका ओमानी गृहस्थांची. ते वारले आणि मुलगा हमद ती लिलावात काढत होता. तपासणीआधी कुणीतरी जाणकार गाडी बघून गेला आणि म्हणाला, गिअरबॉक्स मूळचा नाही, इंजिनही नसणार. असली इंजिनं मेकॅनिक काढून विकतात. या गाडीला चौतीस वर्षं एकाच माणसाने हात लावला होता – परब. कणकवलीचे, सत्तरीकडे झुकलेले, सालिमच्या गॅरेजमध्ये आयुष्य काढलेले, आणि पुढच्याच आठवड्यात कायमचे गावी निघालेले.

हमद चांगलं हिंदी बोलतो. पहिल्याच दिवशी त्याने मला सरळ सांगितलं, "मॅडम, अगर इंजिन वो नहीं है, तो परब ने मेरे बाबा को चौंतीस साल धोखा दिया. फिर मैं पूरे रुवी बाज़ार को बताऊँगा. चोर बनके जाएगा वो."

"मैं इंजिन देखती हूँ," मी म्हटलं, "आदमी नहीं."

परब घाला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या आमच्या तपासणीच्या शेडबाहेर बाकावर बसले होते. पांढरा धुतलेला शर्ट, खिशाला पेन. मराठी ऐकून उठून उभे राहिले.

"बाई, इंजिन मूळचांच आसा. मी खोललां, धुतलां, परत बसवलां. बदलूक नाय. गिअरबॉक्स बदललो, तो सालिमशेठाक इचारून."

"काका, तुम्ही आत येऊ नका. ज्याने गाडीवर काम केलंय त्याने तपासणीला थांबायचं नाही, असा नियम आहे."

"बसतंय हंयच," ते म्हणाले आणि बसले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. शेडमध्ये मी एकटी. चॅसिस नंबर पुढच्या काचेखालच्या पट्टीवर, तो वहीत उतरवला. बॉडीवर एक लपलेली जागा असते, तिथलाही नंबर जुळला. म्हणजे गाडी खरी. राहिलं इंजिन. या गाडीत तो नंबर ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, बरोबर अल्टरनेटरमागे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रामागे, असतो. डोळ्यांना दिसत नाही, हात जेमतेम जातो. थिनरच्या फडक्याने चाचपून जागा पुसली, कागद सरकवला, बोटभर पेन्सिलीने घासलं. कागद बाहेर काढला. आठ अक्षरं-आकडे, स्वच्छ. चॅसिसशी जुळणारे.

परब खोटं बोलत नव्हते तर. मला बरं वाटलं, हे कबूल करते. पण फोटोशिवाय निकाल सांगायचा नाही हा आमचा नियम, आणि अल्टरनेटर काढायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. बॉनेटला माझ्या सहीचं सील लावलं आणि बाहेर येऊन परबांना फक्त म्हटलं, "उद्या या." त्या संध्याकाळी घरी कागद भिंगाखाली पाहिला. एक गंमत दिसली – चारचा आकडा दोनदा ठोकलेला होता, एकावर एक, किंचित सरकून. कारखान्यात कुणाचा तरी हात हलला असणार. आमच्या धंद्यात हे उलट चांगलं लक्षण. नक्कल करणारे असल्या चुका करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सील शाबूत होतं. अल्टरनेटर निघाला. मी टॉर्च मारला.

जागा सपाट होती.

खोडलेली नाही, गंजलेली नाही. यंत्रावर घासून काढलेली, आरशासारखी सरळ. वर जुन्या तेलाचा पिवळा थर, फक्त मी आदल्या दिवशी फडकं फिरवलं होतं तेवढा पट्टा मोकळा. एकही आकडा नाही.

हमद शेजारीच होता. त्याने बाहेर जाऊन परबांना आत आणलं. नियम होता, पण मी अडवलं नाही.

"ये देखो. नंबर किधर है?"

परब वाकले, बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "नंबर नाय. तो कधीच गेलो. हेड गॅस्केट उडलां तेव्हा ब्लॉकाचां फेसिंग करून हाडलंय, वरचो भाग मशीनीर घासून, वाडी कबीरच्या वर्कशॉपात. तीस वर्सां झाली."

"काका, मग काल का नाही सांगितलंत?"

"सगळे इचारीत होते, इंजिन बदललां काय. नंबराचां कोणी इचारलांच नाय." मग म्हणाले, "तेव्हा नंबराक कोण इचारी, बाई? फेसिंग बरां झालां की शेठ खूश."

मी हे हमदला हिंदीत सांगितलं. तो हसला, ते हसणं चांगलं नव्हतं. "बहुत अच्छी कहानी है. यल्ला, चलो, रिपोर्ट लिखो मॅडम."

मी परबांना विचारलं, आणि का विचारलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, "तो नंबर आठवतो का?"

"नंबर खंयचो आठवता. पण एक चार होतो, तो दोनदा ठोकलेलो. शेठ म्हणत, मारणारो दारू पिऊन इलो असतलो."

मी हमदला त्या चारचं सांगितलं, फाइल उघडली आणि आदल्या दिवशीचा कागद त्याच्यापुढे धरला.

त्याने बराच वेळ पाहिला. "ये किधर से आया?"

"इधर से. कल."

"इधर तो कुछ नहीं है."

"मालूम है."

त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, कोरा कागद घेतला, त्या जागेवर धरून स्वतः घासलं. राखाडी पट्टा. पुन्हा घासलं. मग मी घासलं, तीनदा. राखाडी पट्टा. परब मधेच म्हणाले, "काय चल्लाहा ह्यां?"

सुचतील ते सगळे खुलासे मी तपासले. गिअरबॉक्सवर तो नंबर नाही, तो दुसऱ्याच गाडीचा आहे. बॉडीवरच्या लपलेल्या नंबरात चार एकदाच ठोकलेला आहे, स्वच्छ. काचेखालच्या पट्टीवर कागद पोचतच नाही. त्या दिवशी मी दुसरी गाडी पाहिली नव्हती. शेडच्या कॅमेऱ्यात मी बॉनेटमध्ये वाकलेली दिसते, चार मिनिटं. त्यानंतर सकाळपर्यंत गाडीजवळ कुणी नाही.

"रिपोर्ट में क्या लिखोगी?" हमदने विचारलं.

"जो दिखता है. नंबर नहीं है, इंजिन असली है इसका सबूत नहीं है."

"और ये काग़ज़?"

"ये रिपोर्ट में नहीं जाएगा. जो जगह ख़ाली है, उसका प्रिंट मैं नहीं लगा सकती. लेकिन निकाला मैंने है, और मैंने आज तक ग़लत प्रिंट नहीं निकाला. आगे तुम देखो."

परब परत बाकावर जाऊन बसले होते. थोड्या वेळाने हमद बाहेर गेला आणि त्यांच्या शेजारी बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, एक "खलास", म्हणजे झालं, संपलं, तेवढं ऐकू आलं. मी आत अल्टरनेटर परत बसवून घेत होते. बाहेर आले तेव्हा हमद त्यांना चहा आणून देत होता.

गाडी 'इंजिन अप्रमाणित' म्हणून विकली गेली. परब गावी गेले. महिन्याभराने त्यांचा कणकवलीहून फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, आंबे बोलून झाले. मग म्हणाले, "बाई, शेवटी रिपोर्टात काय लिवलात?"

मी वाचून दाखवलं. नंबर आढळला नाही. इंजिन मूळचं असल्याचा पुरावा नाही.

ते म्हणाले, "बरोबर लिवलात. नंबर नायच आसा थंय."

माझ्या फाइलमधल्या त्या कागदावर मग काय उमटलंय, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.