डोंबिवली ते कोलशेत, गोदडीतल्या लेसरसह

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंबिवलीहून कोलशेतला निघाले, तेव्हा माझ्या खांद्याला जड पिशवी होती आणि कडेवर लेसर. लेसर म्हणजे पत्र्याच्या नळकांड्यात बसवलेली हातभर लांब काचेची नळी. तीन वर्षं मी तिच्यावर संशोधन करत होते. धक्का लागू नये म्हणून आईने ती माझ्या लहानपणच्या गोदडीत गुंडाळून दिली होती. कोलशेतच्या एका कारखान्यात तारेची जाडी प्रकाशाने मोजून दाखवायची होती. जमलं तर नोकरी, नाही तर आत्याने आणून ठेवलेली बँकेच्या परीक्षेची पुस्तकं.

माझी अडचण विज्ञानाची नव्हती. चार माणसं समोर आली की माझी बोबडी वळायची, आणि चूक कुणाचीही असो, 'सॉरी' मीच म्हणायचे.

शिळफाट्यावरून जाणाऱ्या एसटीत खिडकी मिळाली. मुंब्र्याचा डोंगर अजून हिरवागार होता. मी तो बघत असताना शेजारच्या मावशी गोदडी बघत होत्या.

"किती महिन्यांचं गं?"

खरं सांगायचा धीर झाला नाही. "तीन," मी पुटपुटले.

"तोंडावरचं काढ की जरा. गुदमरेल ना ते!"

"सर्दी झालीये त्याला."

मग ठाणं येईपर्यंत ओव्याची पुरचुंडी कशी शेकवायची ते त्यांनी मला दोनदा समजावलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

नौपाड्यात मिसळ खाल्ली. मिसळ झकास होती, पण मांडीवरच्या गोदडीमुळे मला पाव एका हातानेच मोडावा लागला. पुढे औषधांच्या दुकानात काच पुसायला कापूस आणि स्पिरिट मागितलं. दुकानदाराने गोदडीकडे प्रेमाने पाहिलं. "नाळेला लावायचंय ना? हलक्या हाताने लावा हां." मी 'हो' म्हणून रिक्षा पकडली.

कोलशेतला कारखान्यातल्या यंत्रांवर कालच्या पूजेचे झेंडूचे हार तसेच होते. साहेब घड्याळ बघत होते. शेजारी गावातलेच म्हातारे फोरमन, भोईरकाका, मायक्रोमीटर (जाडी मोजायचं हत्यार) घेऊन उभे. मोजण्याची पद्धत सोपी आहे. लेसरच्या वाटेत तार धरली की भिंतीवर लाल ठिपक्यांची रांग उमटते आणि ठिपक्यांमधल्या अंतरावरून तारेची जाडी काढता येते.

मी बटण दाबलं. भिंतीवर ठिपके नव्हतेच, नुसता फिकट लाल डाग. तार सरकवली, टेबल हलवलं, तीनदा सॉरी म्हटलं. डाग जागचा हलेना.

"राहू द्या मॅडम," साहेब म्हणाले. "नंतर कळवू."

मी सवयीने गोदडी उचलली. सकाळपासून तिच्यावरून कितीदा खोटं 'हो' म्हटलं ते आठवलं, आणि मला माझाच भयंकर राग आला.

"थांबा!" माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "माझं गणित बरोबर आहे. बिघाड या नळीत आहे. दहा मिनिटं द्या."

लेसर बंद करून मी त्याच्या तोंडाशी वाकले. प्रकाश जिथून बाहेर पडतो त्या काचेवर, अगदी मधोमध, कुंकवाचं बोट होतं.

भोईरकाकाही वाकले. "आगो पोरी, आमीपन मशीनला कुंकू लावताव, पन आंगाला! डोल्यात (डोळ्यात) कोन घालतं?"

नाळेच्या स्पिरिटने काच पुसली, हलक्या हाताने. भिंतीवर ठिपक्यांची लखलखीत रांग उभी राहिली. मी काढलेली जाडी भोईरकाकांनी चार वेळा ताडून पाहिली आणि शेवटी जरा नाराजीनेच म्हणाले, "बराबर हाय."

"कधीपासून येता?" साहेबांनी विचारलं.

"सोमवारपासून," मी म्हणाले. पुढे सॉरी जोडलं नाही.

परतीच्या एसटीत एका काकूंनी विचारलं, "बाळ झोपलंय वाटतं?"

"बाळ नाही, लेसर आहे. मी शास्त्रज्ञ आहे."

"फुटणार नाही ना?" म्हणत काकू दूर सरकल्या आणि मला ऐसपैस जागा मिळाली.

आई दारातच उभी होती. दरवर्षी दसऱ्याला पाटावर बाबांचं पेन आणि दादाची हत्यारं मांडली जायची. माझं असं तिथे कधी काही नसायचं.

"काल तुझं यंत्रपण पाटावर ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू आत्याकडे सोनं द्यायला गेलीस ना, तेव्हा. छान मधोमध कुंकू लावलं. जमलं का गं?"

"त्या कुंकवामुळेच जमलं," मी म्हणाले. आपण खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.