कॅलेंडरवर टाक

आमच्या नगरच्या सावेडीतल्या सोसायटीचे सचिव फार दूरदृष्टीचे गृहस्थ आहेत. जवळचं दिसत नाही, एवढंच. जिन्यातला दिवा कित्येक महिने बंद होता, पण एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर बसवून जाहीर केलं, की आजपासून सोसायटीचं एक सामाईक ऑनलाइन कॅलेंडर असेल. ज्याने त्याने आपले कार्यक्रम त्यात टाकायचे, ते सगळ्यांच्या मोबाईलवर दिसतील आणि वेळ झाली की मोबाईल वाजून आठवण करील. शेवटी बोट वर करून ते म्हणाले, "लक्षात ठेवा, जे कॅलेंडरवर नाही, ते सोसायटीत नाही." जिन्यातला दिवा कॅलेंडरवर नव्हता, त्यामुळे तो प्रश्न कायमचा मिटला.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून मुलींवर ओरडले, आणि आता घरात ओरडायला कुणी नाही. असला कमावलेला घसा वाया कसा घालवायचा, म्हणून मी बायकांना स्कूटर शिकवायचा वर्ग काढला. सोसायटीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. एक कडुनिंब, थोडं गवत आणि पडायला भरपूर जागा. अडचण एकच होती, की वर्ग आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. गेटवर कागद लावला, तो एका बकरीने खाल्ला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ते सुप्रभाताच्या गुलाबांखाली गाडलं गेलं. तेवढ्यात हे कॅलेंडर आलं आणि मला वाटलं, चला, सचिवांचा जन्म अगदीच फुकट नाही.

मी नोंद टाकली: "महिलांसाठी स्कूटर वर्ग. रोज सकाळी सात. मागचं मैदान. पडलात तरी चालेल." नोंद टाकली की सगळ्यांना आमंत्रण जातं आणि त्याखाली तीन बटणं येतात: होय, नाही, कदाचित. ही बटणं ज्याने बनवली त्याची आणि आपल्या लोकांची कधी गाठ पडली नसावी. आपल्याकडे आमंत्रणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'येतो की, घरचंच कार्य!' असं म्हणायचं आणि मग जायचं नाही, याला आपण रीत म्हणतो. त्यामुळे आमच्या कॅलेंडरवर सगळे सगळ्याला 'होय' दाबतात. पाण्याची टाकी धुवायच्या दिवशी अख्खी सोसायटी 'होय' होती, टाकीत मात्र कंत्राटदाराची माणसंच उतरली. 'कदाचित' म्हणजे आपलं घरगुती 'बघू'. नवरा 'बघू' म्हणाला की बायको ते काम मनातून काढून टाकते. राहिलं 'नाही'. त्या बटणाला कुणाचा अंगठा लागलेला मी पाहिला नव्हता.

दोन दिवसांत माझ्या वर्गाला भरघोस होकार आले. मी चष्मा लावून यादी उघडली आणि चाटच पडले. सगळे पुरुष! गुडघ्याची वाटी बदललेले निवृत्त ओव्हरसियर, तिसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट, आणि सगळ्यांच्या वर खुद्द सचिव. महिलांसाठी असं मी पहिल्याच शब्दात लिहिलं होतं. यांना वाचता येत नाही की लाज नाही, असा विचार करत मी दुसऱ्या दिवशी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर गेले. पुरुष एकही नव्हता. कडुनिंबाखाली ओढण्या कमरेला खोचून बायका उभ्या होत्या.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. होकार बायकांनीच दिले होते, आपापल्या मोबाईलवरून. पण आमच्याकडे बायकोचा मोबाईल नवराच चालू करून देतो, आणि देताना ईमेल स्वतःचा टाकतो. 'तुला कशाला वेगळा हवाय?' हे त्यामागचं तंत्रज्ञान. त्यामुळे बायको बटण दाबते आणि नाव नवऱ्याचं उमटतं. आमंत्रण नवऱ्याच्या नावाने, जायचं बायकोने. यात तसं नवीन काय होतं म्हणा.

त्या बायकांत सचिवांच्या मिसेस होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सोसायटीत कुणाला त्यांचा आवाज माहीत नव्हता. माहेर सोनईचं, आणि इतकी वर्षं नगरला काढूनही बोलणं सोनईचंच. मी त्यांना वहिनी म्हणायची. पहिल्याच दिवशी त्या स्कूटरला हात न लावता म्हणाल्या, "मॅडम, मला न्हाई जमायचं. आमच्याकडं सायकल हुती, पन ती भावाची हुती."

"मग आलात कशाला?" मी खेकसले.

"सोनईला जायचं हाय."

त्यांची आई सोनईजवळ मळ्यातल्या वस्तीवर राहते. तिला आता दिसत नाही. "माझा आवाज आयकला की हात फुडं करती आन् तोंडावरनं फिरवती," वहिनी म्हणाल्या. "फोनवर ते कसं करनार?" एसटीने जावं, तर सचिवांना ते पटत नाही. दारात चारचाकी असताना बायको एसटीने गेली तर लोक काय म्हणतील? मग चारचाकीतून न्यावं, तर सचिवांना वेळ नाही. वहिनींनी विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "कॅलेंडरवर टाक, मग बघू." सोसायटीच्या कॅलेंडरवर बायकोच्या माहेरचा दौरा कोण टाकणार? वहिनी गप्प बसायच्या. आई तिकडे हात पुढे करून बसायची. हे ऐकलं आणि माझं डोकं असं तापलं, की मी त्या सकाळी निष्कारण विमा एजंटाच्या बायकोला दोनदा ओरडले.

आणि मग वर्गाला दृष्ट लागली. सचिव सकाळी सकाळीच कसल्याशा बैठकीत मोठ्या लोकांसमोर बसलेले असताना त्यांचा मोबाईल टेबलावर वाजला आणि भल्या मोठ्या अक्षरांत दिसलं, "महिलांसाठी स्कूटर वर्ग. पडलात तरी चालेल." सगळी बैठक हसली म्हणे. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वहिनींना विचारलं, "शिकून जायचंय कुठं तुला?" दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेत ठराव झाला, की कॅलेंडर फक्त सार्वजनिक आणि सांस्कृतिक कामांसाठी वापरावं. माझी नोंद पुसली गेली. मैदानावर मी, कडुनिंब आणि शिट्टी.

सांस्कृतिक? ठीक आहे. मी तिथल्या तिथे नवी नोंद टाकली: "हळदीकुंकू. रोज सकाळी सात. मागचं मैदान. येताना हेल्मेट आणावे."

सोसायटीतल्या एकाही पुरुषाला प्रश्न पडला नाही. हळदीकुंकू चैत्रात असतं, संक्रांतीनंतर असतं. ऐन आषाढात, भल्या सकाळी, गवतात, महिनेच्या महिने कोण कुणाला हळदीकुंकू लावतं? पण 'हळदीकुंकू' हा शब्द दिसला की पुरुषाची नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते. सचिवांनी तर वार्षिक अहवालात लिहिलं, की सोसायटीत महिलांचे सांस्कृतिक उपक्रम वाढले आहेत. फोन आला तो फक्त समोरच्या इमारतीतल्या, बँकेत अधिकारी असलेल्या बाईंचा. त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात बौद्धांत हळदीकुंकू नसतं, तुम्हाला माहितीच आहे. पण हेल्मेटचं वाचलं म्हणून विचारते, नेमकं काय आहे?" मी सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर.

वहिनी परत आल्या. त्यांना शिकवणं म्हणजे माझ्या कर्माची फळं. त्या ब्रेक दाबायच्या ऐवजी स्कूटरला "थांब गं बाई" म्हणायच्या. कडुनिंबाला धडकल्या आणि झाडाची माफी मागितली. पाय दोन्ही बाजूंना लोंबकळत, जमीन जणू पळून जाणार होती. पण एक गोष्ट त्यांनी पहिल्यापासून केली, ती म्हणजे वळताना इंडिकेटर. रिकाम्या मैदानात, मागे कुणी नसताना, डावीकडे वळायच्या आधी त्या मनोभावे इंडिकेटर देत.

"वहिनी, कुणाला दाखवताय?"

"सांगून जावं मानसानं," त्या म्हणायच्या.

पावसाळा सरला तोवर त्या नीट चालवायला लागल्या. कच्चं लायसन्स झालं, पक्कं झालं. परीक्षेला मीच घेऊन गेले आणि साहेबांपेक्षा जास्त मीच ओरडले. मग त्यांची लेक पुण्याला नोकरीला गेल्यापासून झाकून ठेवलेली तिची स्कूटर आम्ही बाहेर काढली. मोठ्या रस्त्याचा सराव म्हणून घोडेगावपर्यंत जाऊ लागलो. त्या पुढे, मी मागे. ट्रक शेजारून गेला की डोळे मिटायचे मी, त्या नाही. दर खेपेला घोडेगावला चहा प्यायचा आणि परत फिरायचं. तिथून सोनई काही लांब नाही. पण वहिनी त्या रस्त्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई मॅडम. चोरून न्हाई जायचं आईकडं."

हे मला तेव्हा मूर्खपणाचं वाटलं. अहो, इथवर आलोय, घाला की गाडी! मी तसं बोललेसुद्धा. त्यांनी चहाचा कप ठेवला आणि हेल्मेट चढवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, संध्याकाळी मी भाजी निवडत असताना मोबाईल वाजला. सोसायटीत एकाच वेळी सगळ्या घरांत मोबाईल वाजल्याचा आवाज आला. कॅलेंडरवर सचिवांच्या नावाने नवीन आमंत्रण होतं: "उद्या सकाळी सोनईला निघते. एकटी."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

आमची सोसायटी सवयीची गुलाम. चहा व्हायच्या आत निम्म्या घरांनी 'होय' दाबलं होतं. ओव्हरसियर जिन्यात उभे राहून विचारत होते, "सचिव 'निघते' कसे म्हणतात हो?" विमा एजंट म्हणाले, घाईत टाइप केलं असेल. तेवढ्यात सचिव माझ्या दारात. चेहरा असा, की हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मॅडम, माझं कॅलेंडर हॅक झालंय."

"घरातूनच झालंय," मी म्हटलं.

त्यांच्या मागे वहिनी उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज अख्ख्या जिन्याने ऐकला. "तुमीच म्हनला हुता ना, कॅलेंडरवर टाक. टाकलं."

"अगं, पण मी नेणारच होतो तुला रविवारी!"

"बघू," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

सचिवांनी मोबाईल वर धरला. "मी ही नोंद काढून टाकतो."

"काढा की," मी म्हटलं. "जे कॅलेंडरवर नाही ते सोसायटीत नाही. मग वहिनी उद्या गेल्या तरी गेल्याच नाहीत असं धरू."

त्यांचा अंगठा पडद्यावर तसाच थांबला. बराच वेळ ते बायकोकडे बघत राहिले. जवळचं न दिसणारा माणूस नेटाने बघायला लागला की बिचारा वाटतो. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "येते तिला चालवता?"

"माझ्यापेक्षा बरी येते."

"कुठे शिकली?"

"हळदीकुंकवात."

सकाळी मी हेल्मेट घालूनच खाली उतरले. खरं सांगते, रात्रभर मला घोडेगावचे ट्रक दिसत होते. मी मागे बसणार, वाटेत ओरडणार, वस्तीवर पोचेपर्यंत डोळे मिटून घेणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. 'होय' दाबलेल्यांपैकी एकही माणूस आला नव्हता, हे सांगायला नकोच. सचिव मात्र होते, पायजम्यावर, हातात जुनं फडकं घेऊन स्कूटरचे आरसे पुसत. वहिनींनी आईसाठी घेतलेल्या लुगड्याची पिशवी पुढे अडकवली. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी पाहिलं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. या बाईने मला कधीच 'येऊ नका' म्हटलं नसतं. आपल्यात तसं म्हणत नाहीत.

मी मोबाईल काढला. आमंत्रणाखाली माझं उत्तर अजून बाकी होतं. मी 'एकटी' हा शब्द पुन्हा एकदा वाचला आणि 'नाही' दाबलं.

सचिवांचा मोबाईल वाजला आणि पिशवीत वहिनींचाही. त्यांनी काढून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि अशा हसल्या, की मला रडू आलं. मला एरवी रागाने रडू येतं. त्या दिवशी राग शोधून सापडेना.

"येते हं मॅडम," त्या म्हणाल्या, आणि गेटपाशी पोचायच्या कितीतरी आधी त्यांनी डावा इंडिकेटर दिला.