चौकशीबाईंची काटकसर

माझी आत्या शाळेत कारकून आहे. पाठीमागे सगळे तिला चौकशीबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती मुख्याध्यापकांनाही नाही. कुणी चहा पुढे केला तरी ती आधी विचारते, काम काय काढलंत? मी त्याच शाळेत शिकवते. तिचा मला राग येतो, आणि तिच्यावाचून शाळेचं पान हलत नाही हेही मला ठाऊक आहे.

यंदा विजेचे, डिझेलचे दर भडकले आणि खाणीकडच्या मुलांना आणणारी बस बंद पडायची वेळ आली. तेवढ्यात सरकारचं पत्रक आलं. वाढत्या खर्चाने बेजार झालेल्या शाळांना मदत मिळेल, साहेब स्वतः पाहणीला येतील. आम्ही हुरळून गेलो. आत्याने मात्र पत्रक उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. पूर्वी सरकारनेच दिलेले संगणक ‘नीट वापर नाही’ म्हणून कुणी साहेब उचलून घेऊन गेले होते. दुधाने तोंड पोळलेली आत्या ताकही फुंकून पिणारच.

“मदत कसली? उधळपट्टी हुडकायला येतायत,” ती म्हणाली.

मग तिने शाळा आवळायला घेतली. पंखे बंद, व्हरांड्यातले दिवे बंद. बस खाणीपर्यंत न जाता पुलाशीच थांबू लागली. पोरं तिथवर चालत यायची. ड्रायव्हर तिला म्हणाला, “ताई, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. साहेबांपुढे जरा रडा की.” याला डिझेल कशाला हवंय, अशी शंका तिला लगेच आली. मी तोंड उघडलं तर मलाही गप्प केलं. म्हणे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

साहेब आले. घाम पुसत वर्ग बघितले, बिलं चाळली. आत्याची नजर त्यांच्या पेनावर होती.

“फार छान चालवलंय,” साहेब म्हणाले. “गेल्या वर्षीपेक्षा खर्च उलट कमीच आहे. तुम्हाला मदतीची गरज नाही. अडलेल्या शाळांना देऊ.”

“यात डाव काय आहे?” आत्याने विचारलं.

साहेब गोंधळले. डाव कसला, पत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की, म्हणाले. आत्या ते पत्रक दर दुपारी वाचायची, बारीक अक्षरांत कुठे मेख मारलीय ते शोधत. पहिली ओळ तिने आमिष म्हणून सोडून दिली होती.

त्या दिवशी मी तिला नको नको ते बोलले. तिने फक्त पत्रकाची पहिली ओळ पुन्हा वाचली, आणि मला त्याचीच भीती वाटली.

सोमवारी बस बंद झाली. मी वर्गात गेले तर आत्या आधीच तिथे होती. भर उजेडात तिने सगळे दिवे लावले होते, पंखे पूर्ण सोडले होते. खाणीकडच्या मुलांच्या बाकांवर कुणी नव्हतं.

“खर्च चढू दे,” ती म्हणाली. “साहेबांना परत बोलाव.”

ते आता पुढच्या वर्षीच येतील, मी सांगितलं. पुढच्या वर्षापर्यंत ती पोरं खाणीत कामाला लागलेली असतील, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.