बंद करा, झाका, बांधा

टँजरीन कोर्ट या आमच्या वसाहतीत त्रेसष्ट घरं. सगळी पत्र्याची, कारखान्यात तयार झालेली, ट्रकवरून आणून इथल्या वाळूत टेकवलेली. राहणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. फ्लोरिडात आमच्या बाजूला वर्षातले दहा महिने घामाच्या धारा, त्यामुळे इथे पाद्रीबाबांवाचून एखाद्याचं भागेल, एसीवाल्यावाचून नाही. आमचा एसीवाला म्हणजे हॉइट समरलिन. मी कोर्टाचं ऑफिस सांभाळते, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकते आणि हॉइटला हाक मारते. वीस वर्षं हेच चाललंय.

हॉइट उंच, काटकुळा, एका गुडघ्याने अधू. हाताला गुण मोठा, पण तोंडाला लगाम नाही. एसी दुरुस्त करायला त्याला वीस मिनिटं लागत आणि तो का बिघडला हे समजावायला चाळीस. घरातली म्हातारी खुर्चीत डुलक्या घेतेय, चहा थंड झालाय, आणि हा गॅस, पंखा, हवा यांची कथा लावून बसलाय.

"हॉइट, एसी सुरू झाला. आता तू बंद हो," असं मी कितीदा म्हटलं असेल.

"मेव्हिस, माणसाला कारण कळलं की तो चुकत नाही," तो म्हणायचा. यावर त्याची फार श्रद्धा होती.

अकरा वर्षांपूर्वी मोठं चक्रीवादळ आलं तेव्हा त्याने घरोघर फिरून सगळ्यांकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. बंद करा, झाका, बांधा. वीज बंद करा, घराबाहेरचं युनिट ताडपत्रीने झाका, दोरीने बांधा. ज्यांनी ऐकलं त्यांची युनिटं शाबूत राहिली. ज्यांनी नाही ऐकलं त्यांच्या युनिटांत कुणाच्या छपराचा पत्रा, तर कुणाची पत्रपेटी घुसलेली. तेव्हापासून हॉइटचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी त्या तीन गोष्टी ठळक अक्षरांत टाईप केल्या आणि कागद प्रत्येकाच्या फ्रिजवर चुंबकाने लावला. ते काम मी केलं, हे इथेच सांगून टाकते.

या सगळ्यांत त्याचं सर्वांत जास्त ऐकणारी बाई म्हणजे सत्तेचाळीस नंबरच्या मिस ओझेला. वय शहाऐंशी. आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने मिस म्हणतात. हॉइट लहान असताना रविवारच्या शाळेत त्यांनी त्याला बायबल शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर तो अजून टोपी काढून उभा राहायचा. नवरा कोळंबीच्या बोटीवर होता. त्याच्याकडून त्या दोरीच्या गाठी शिकल्या होत्या, आणि वादळाच्या वेळी त्यांच्यासारखं युनिट कोर्टात कुणी बांधत नसे. छाती मात्र नाजूक. जरा गारठा लागला की श्वासात शिट्टी वाजायची. आदल्या हिवाळ्यात त्या दहा दिवस दवाखान्यात होत्या आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा अशी थंडी बाधली तर आम्ही काही करू शकणार नाही.

हॉइटने ते मनाला लावून घेतलं. त्यांचं जुनं यंत्र उन्हाळ्यात गार करायचं, पण उलटं चालवून घर गरम करायची वेळ आली की धापा टाकायचं. ऑक्टोबरात त्याने इकडून तिकडून भाग जमवून त्यांना जवळजवळ नवंच यंत्र बसवून दिलं. वर भाषण दिलंच.

"मिस ओझेला, या हिवाळ्यात तुम्हाला साधी शिंक आली तरी माझं नाव बदला."

"नाव कशाला बदलू? चांगलं नाव आहे. आजोबांचं आहे ना तुझ्या?" त्या म्हणाल्या, आणि युनिटावरून असा हात फिरवला जसा वासरावरून फिरवतात.

जानेवारीत टीव्हीवर सांगितलं की तीन दिवस पारा बत्तीसच्या खाली, म्हणजे पाणी गोठेल इतका उतरणार. आमच्याकडे असं चार-पाच वर्षांतून एकदा होतं, आणि दर वेळी लोक नव्याने गोंधळतात. टीव्हीवाली बाई म्हणाली, झाडं झाका, नळ झाका, कुत्री-मांजरी आत घ्या. संध्याकाळपर्यंत कोर्टातली प्रत्येक जास्वंद चादर पांघरून उभी होती.

सकाळी सहापासून ऑफिसचा फोन सुरू झाला. पहिले सगळे फोन आगीचे. हॉइट माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून उत्तरं देत होता.

"आग नाही हो, वर्षभराची धूळ जळतेय. अर्ध्या तासात वास जाईल... नाही, तो धूर नाही, वाफ आहे. युनिट स्वतःवरचा बर्फ वितळवतंय. बंद करू नका. बाईसाहेब, बंद केलंत? मग चालू करा."

त्याची स्वारी खुशीत होती. इतके श्रोते त्याला एकदम कधी मिळाले नव्हते. मग एकोणीस नंबरच्या टलीचा फोन आला.

"हॉइट, मी नीट झाकलंय, बांधलंय, तरी घर गरम होईना."

"काय झाकलंयस?"

"युनिट. दुसरं काय, बायको?"

हॉइटचा चेहरा उतरला. आम्ही माझ्या छोट्या गोल्फच्या गाडीतून तिकडे गेलो. रस्त्यात मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. प्रत्येक दुसऱ्या घरामागे ताडपत्रीचं गाठोडं.

"टली, अरे ते यंत्र बाहेरच्या हवेतून ऊब ओढतं," हॉइट दोरी सोडता सोडता ओरडत होता. "थंड हवेतही असते थोडी. तू त्याचं नाकच दाबलंस."

"तूच सांगितलंस झाकायला."

"ते वादळात!"

"मग हे काय, लग्न आहे?" टली म्हणाला. त्याचंही खरंच होतं. हॉइटने अकरा वर्षं भाषणं दिली होती, पण कागदावर तीनच शब्द होते.

दिवसभर आम्ही ताडपत्र्या सोडत फिरलो. अठ्ठावीस घरं. काही युनिटं सुटल्यावर धडधडत सुरू झाली. काही आतून बर्फाने जाम, आणि नऊ कायमची बसली. हॉइटने जिल्ह्यातल्या सगळ्या दुकानांना फोन केले. एक पंखा मिळेना, एक तार मिळेना. सगळ्या फ्लोरिडाला तेच हवं होतं. यंत्र बंद पडलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना आम्ही सभागृहात आणून बसवलं, कारण तिथला हीटर चालू होता. लोक हातांत मोजे घालून पत्ते खेळत होते.

"मिस ओझेलांचा फोन?" एवढंच हॉइटने मला विचारलं.

"नाही आला."

"मग ठीक असतील. त्यांचं नवं आहे." आणि थोडं थांबून, "शहाण्या आहेत त्या."

मीही मान हलवली. त्यांच्या घरावरून जाताना पडद्यामागे दिवा दिसला होता; युनिट मात्र चादर पांघरलेल्या जास्वंदीआड होतं. ज्याचं यंत्र सगळ्यांत चांगलं त्याच्याकडे शेवटी जायचं, हा हिशेब आम्हा दोघांनाही बरोबर वाटला. देवाशपथ सांगते, बरोबर वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सभागृहात राजमा घालून खिमा शिजवला होता. म्हटलं, एक वाडगा मिस ओझेलांना नेऊन द्यावा. हॉइट म्हणाला, मीही येतो.

घरामागे गेलो तर युनिट दिसेचना. खाली तीन गोधड्या, त्यांतली एक त्यांच्या लग्नातली, निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची. वर ताडपत्री. त्यावर दोरी, आणि प्रत्येक कोपऱ्याला अशी गाठ की बोटवाल्याने शाबासकी द्यावी. भिंतीवरचं विजेचं बटण बंद. बंद करा, झाका, बांधा. एकही गोष्ट सुटली नव्हती.

दाराला कडी नव्हती. मिस ओझेला खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर नवऱ्याचा बोटीवरचा पिवळा रेनकोट, गुडघ्यांवर आंघोळीचे दोन टॉवेल. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा एक्केचाळीसवर, म्हणजे पाणी गोठण्याच्या जरासाच वर. ओठ जांभळे पडले होते, आणि शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

"आलास?" त्या म्हणाल्या. "मागे जाऊन बघितलंस का? बरोबर बांधलंय ना?"

हॉइटने टोपी काढली.

"फोन का नाही केलात?" मी विचारलं.

"त्याला किती घरं! आणि मला काय धाड भरलीये. दोन दिवसांची थंडी. ते यंत्र गोठलं असतं तर याचे महिनाभराचे कष्ट वाया गेले असते."

"बरोबर बांधलंय, मिस ओझेला," हॉइट म्हणाला.

मी रुग्णवाहिकेला फोन केला. हॉइट मागे जाऊन गाठी सोडायला लागला, आणि त्याच्या गारठलेल्या बोटांना एकही सुटेना. शेवटी त्याने चाकूने दोऱ्या कापल्या आणि गोधड्या आणून त्यांच्या अंगावर घातल्या. बटण दाबल्याबरोबर यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. सगळ्या कोर्टात त्याच्याइतकं ठणठणीत यंत्र दुसरं नव्हतं.

त्या पाच दिवस दवाखान्यात होत्या. तिसऱ्याच दिवशी थंडी ओसरली, आणि पाचव्या दिवशी लोक अर्ध्या चड्डीत हिंडायला लागले. दवाखान्यात एसी इतका गार की मी स्वेटर घालून बसले. मिस ओझेला म्हणाल्या, हॉइट, हे जरा कमी कर ना रे. तो उठला. भिंतीवरचं बटण कुलूपबंद काचेच्या डबीत होतं. नर्स म्हणाली, ते सगळ्या इमारतीचं एकत्र आहे, आमच्याही हातात नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातली हवा सांभाळलेला माणूस त्या डबीसमोर हात खाली सोडून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. त्याच संध्याकाळी त्या गेल्या.

हॉइटने त्रेसष्ट फ्रिजवरचे कागद मला काढायला लावले. भाषणं बंद झाली. दुरुस्ती करायचा, टोपी घालायचा, निघायचा. लोक मला विचारायचे, त्याला काय झालंय, काही सांगतच नाही.

ऑगस्टच्या शेवटी वादळ आलं. त्याने कुणाला काही करू दिलं नाही. दुखऱ्या गुडघ्याने दोन दिवस फिरून त्रेसष्ट युनिटं स्वतः झाकली, स्वतः बांधली. सत्तेचाळीस नंबरात आता ओहायोहून आलेलं जोडपं राहतं. त्या बाईने विचारलं, "हे काढायचं कधी?"

पूर्वीचा हॉइट असता तर चाळीस मिनिटं गेली असती.

"मी येईन," तो म्हणाला. "तुम्ही हात लावू नका."

हेच त्याने प्रत्येक दारात सांगितलं.

वादळ एका दिवसात गेलं. वीजही आली. पण पुराने रस्ता तुटला आणि हॉइट पलीकडे अडकला. फोनचे खांब आडवे. त्यानंतरचे तीन दिवस असा उकाडा पडला की पत्र्याला हात लावला तर भाजावं. मी दारोदार जाऊन म्हटलं, अहो, दोरी सोडा आणि एसी लावा. लोकांनी मान हलवली. टली म्हणाला, "मेव्हिस, मागच्या वेळी आपण आपल्या मनाने केलं. आठवतंय ना?" मला त्याच्यावर चिडता येईना. चाकू माझ्याही स्वयंपाकघरात होता, आणि माझंही युनिट बांधलेलंच होतं.

चौथ्या दिवशी हॉइट होडीतून आणि मग पायी आला. सगळे म्हातारे घराबाहेर सावलीत खुर्च्या टाकून, ओले रुमाल डोक्यावर घेऊन बसले होते. दोघांना चक्कर येऊन गेली होती. मागे त्रेसष्ट गाठोडी जशीच्या तशी. त्याला बघून सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी अभिमानाने म्हणालंसुद्धा, "बघ हॉइट, एकानेही हात लावला नाही."

तो माझ्या पायरीवर बसला.

"मेव्हिस," तो म्हणाला, "मी यांना काय सांगू आता?"

मी त्याला पाणी दिलं आणि चाकू आणायला आत गेले.