भिंतीच्या मधोमधचं मुंडकं

ही गोष्ट मी स्वतःहून कधीच सांगितली नसती. पण सिल्वासाच्या आमली भागातल्या कुठल्याही चहाच्या गाडीवर माझं नाव काढलंत, की ती तुम्हाला ऐकायला मिळणारच, आणि वर तिखटमीठ लावून. म्हटलं, निदान आपली फजिती तरी आपल्या शब्दांत व्हावी.

सिल्वासात मी तीस वर्षं बातमीदारी करतोय. काय नाही लिहिलं? आमलीतल्या मराठी शाळेसमोर एक उघडं गटार आहे. त्या एका गटारावर मी इतक्यांदा लिहिलंय की त्याला आता माझंच नाव द्यायला हवं. गटार जागच्या जागी आहे. रस्त्यावर लिहिलं, तर रस्ता गेला आणि खड्डा राहिला. माझ्या बातमीने प्रशासन हललंय असं कधी झालं नाही. एकदा झालं. तेच सांगतोय.

त्या बुधवारी सकाळी मी शाळेवरून चाललो होतो. रस्त्याकडेच्या लांबलचक भिंतीला फिकट पिवळा रंग दिलेला, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशाने, गेरूने नुसत्या रेघोट्या. राजू, पिंकी, बाण, फुल्या, गुजराती अक्षरं, हिंदीत कुणाच्या तरी गावाचं नाव, आकडे, एक मासा, एक बैलगाडी. आणि बरोबर मधोमध एक मुंडकं. टक्कल, वटारलेले डोळे, वासलेलं तोंड, आणि भुवया अशा की दोन सुरवंट एकमेकांच्या अंगावर धावून चाललेत.

माझं डोकं फिरलं. कारखान्यांत तीन पाळ्यांत राबणाऱ्या खानदेशी माणसांची पोरं जिथे शिकतात, त्या शाळेची ही दशा? दारात शिपाई लक्ष्मणभाई बसले होते. त्यांना दरडावून विचारलं, हे कुणी केलं?

"सगळ्यांनी," ते म्हणाले. "मी बी केलं. ती बैलगाडी माझी."

कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारलं तर म्हणाले, चित्रवाल्या ताईंच्या. रविवारी सगळ्या वस्तीला बोलावलं होतं, आपापल्या घरातलं काहीतरी काढा म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, पुढे काय विचारायला हवं होतं? चित्रवाल्या ताई कोण, त्यांचा नंबर द्या. कालपरवा लागलेल्या वार्ताहरालाही हे सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मला तीस वर्षांचा अनुभव. इतकं सरळ उत्तर खरं कसं असेल? हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालतोय, हे मी तिथल्या तिथे ओळखलं.

गुरुवारी बातमी आली, फोटोसकट. 'शाळेच्या भिंतीची विटंबना, प्रशासन झोपेत.' खुणा सांकेतिक असल्याचा संशय व्यक्त केला. दोषींवर गुन्हे दाखल करण्याची मागणी केली. मुंडक्याला तर वेगळा परिच्छेद दिला: 'विशेषतः मधोमध चितारलेले विकृत मुंडके पाहून बालमनावर काय परिणाम होईल, याचा विचारही करवत नाही.'

आमच्या सौभाग्यवती मूळच्या चिपळूणच्या, इथल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बातमी त्यांनी दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ते मधोमधचं फारच विकृत होतं का हो?"

बघवत नव्हतं, असं मी सांगितलं.

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला त्या 'बरं'वरून काही कळायला हवं होतं. रविवारी रात्री जेवताना त्या मला भिंतीबद्दल काहीतरी सांगत होत्या, हेही आठवायला हवं होतं. पण तेव्हा मी टीव्हीवरच्या चर्चेला उत्तर देत होतो.

अकरा वाजता नगरपालिकेची गाडी निघाली. बाराला भिंत पांढरीशुभ्र. तिथल्या साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "आपकी खबर पर एक्शन ले लिया." तीस वर्षांत पहिल्यांदा! मी ऑफिसात पेढे वाटले. हो, पेढे. ही गोष्ट चहावाले आवर्जून सांगतात, म्हणून मीच सांगून टाकतो.

तिसऱ्या प्रहरी एक मुलगी आली. याच त्या चित्रवाल्या ताई. वंदना सोनवणे, शिरपूरकडची. वडील धाग्याच्या कारखान्यात, त्यामुळे ती वाढली इथल्याच टोकरखाड्यात. शाळाशाळांच्या भिंती रंगवणं हा तिचा धंदा. पण आजवर रंगवलं ते लोकांनी सांगितलेलं: पाढे, बाराखडी, स्वच्छतेच्या घोषणा. आपल्या मनातलं चित्र ती पहिल्यांदाच काढणार होती. पाळी सुटल्यावर हातात डबा घेऊन शाळेच्या दारात पोरांची वाट बघणाऱ्या आया. भिंतचित्रांच्या स्पर्धेचे परीक्षक येत्या रविवारी येणार होते, आणि पहिल्या नंबराला दमणगंगेच्या काठची मोठी भिंत रंगवायला मिळणार होती. वर्षभराचं काम.

मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तिने टेबलावर मोबाइल ठेवला आणि तिसरीच्या पोराला सांगावं तसं समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या भिंतीवर चित्र बेतायचं, तर आधी भिंतभर वेड्यावाकड्या खुणा करायच्या. भिंतीचा फोटो काढायचा. मोबाइलमध्ये त्या फोटोवर आपलं चित्र, खालचं दिसेल इतकं पातळ करून, ठेवायचं. मग कळतं, बाईचं नाक 'राजू'च्या उजवीकडे सुरू होतं आणि डब्याची कडी बैलगाडीच्या चाकाला टेकते. त्या हिशोबाने रेषा मारत जायचं. रंग चढला की खुणा खाली गडप.

"म्हणजे त्या खुणा..." मी म्हणालो.

"नकाशा होता सर माझा," ती म्हणाली. "आज रंगवायला घेणार होते."

मी सुचवलं, खुणा तूच काढ की पुन्हा. ती म्हणाली, चित्राला वस्तीचा हात लागलाच पाहिजे अशी स्पर्धेची अट आहे. शिवाय तिच्या एकटीच्या खुणांची भिंत वस्तीची कशी होणार?

"मग बोलाव लोकांना."

"बोलावलं. कोणी यायला तयार नाही. तुम्ही गुन्हे दाखल करायला सांगितलंय ना सर."

शुक्रवारी मी तिच्याबरोबर वस्तीतली खोली न् खोली हिंडलो. भीती माझ्याआधी पोहोचली होती. ज्यांनी नावं लिहिली होती त्यांची तर झोप उडालेली. राजूच्या बापाने राजूला पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर तुझं नाव सुनील. मी हात जोडून सांगत होतो, काही होणार नाही, खुशाल काढा. आणि लोक माझ्याकडे असे बघत होते, जसा मी आजवर पुढाऱ्यांकडे बघत आलो.

शेवटी नंदुरबारकडची एक बाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, पोलिसात द्या म्हनून तुमीच लिवलं ना? मंग आधी तुमी काढा. तुमाला कोनी धरलं नाही, तर आमी येतो."

तीस वर्षांत एकाही संपादकाने मला इतकं रास्त काही सुनावलेलं नाही.

पाच वाजता, पाळी सुटायच्या वेळेला, मी भिंतीसमोर उभा राहिलो. हातात कोळसा. गटाराच्या पलीकडे वस्ती गोळा झालेली, एक पाय मागे ठेवून. वंदना म्हणाली, घरातलं काहीतरी काढा सर. आणि रोज रकाने भरणाऱ्या मला काही सुचेना. घरात काय आहे माझ्या? वर्तमानपत्रं. मी एक चौकोन काढला.

"गटाराचं झाकण आहे का ते?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"द्या इकडे," मागून आवाज आला. आमच्या सौभाग्यवती. पदर खोचून त्या भिंतीच्या बरोबर मधोमध गेल्या आणि हात न उचलता काढत सुटल्या. टक्कल. वटारलेले डोळे. वासलेलं तोंड. मग दोन सुरवंट, एकमेकांच्या अंगावर.

मी त्या भुवयांकडे बोट दाखवलं. "हे... तू काढलं होतंस?"

"घरातलं काढा म्हणाली होती ती," कोळशाचे हात झटकत त्या म्हणाल्या. "घरात दुसरं आहे काय? टीव्हीशी भांडताना असेच दिसता."

गटारापलीकडून एक बारीक आवाज आला, "आरे, हे तर पेपरवाले काका."

ते हसू मी विसरणार नाही. आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग लक्ष्मणभाई, आणि शेवटी, मला दिसणार नाही अशा बेताने, वंदना. ज्याचं तोंड असं भिंतीवर चढलंय त्याला कोण भिणार? सुनील गटार ओलांडून पहिला आला आणि मोठ्या अक्षरांत 'राजू' लिहून गेला. दिवेलागणीपर्यंत भिंत भरली.

शनिवारी दिवसभर वंदना रेषा मारत होती, आया रंग भरत होत्या. रविवारी सकाळी परीक्षक आले तेव्हा कडेच्या एका आईचा डबा झाला होता, तो धरणारा हात व्हायचा होता. दुसरा नंबर आला. नदीकाठची भिंत दुसऱ्या कुणाला गेली. आणखी दोन शाळांनी वंदनाला बोलावलं, मनातलं काढ म्हणाले, हे खरं. पण मी घालवलेले दोन दिवस हातात असते तर पहिला नंबर तिचाच होता. ती हे कधी बोलली नाही. मी बोलतो, कारण दुसऱ्या कुणाने असं केलं असतं तर मी त्याला पहिल्या पानावर सोडला नसता.

संपादक म्हणाले, दोन ओळींची दुरुस्ती देऊन मोकळे व्हा. आजवर मी कधी दुरुस्ती दिली नव्हती. ती मी स्वतः लिहिली, आणि लिहिलेलं आधी घरी वाचून दाखवलं. आमच्या सौभाग्यवतींनी एक शब्दही बदलला नाही:

'आमली येथील शाळेच्या भिंतीवरील ज्या आकृतीचा उल्लेख गुरुवारच्या अंकात "विकृत मुंडके" असा करण्यात आला, ती प्रस्तुत वार्ताहराची असल्याचे आढळून आले आहे. आकृती हुबेहूब होती. वर्णनातही चूक नव्हती.'